बडोद्याची उघडी दारे

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



  आम्ही काही अर्थशास्त्राचे प्राध्यापक नाही. कलाभवनाच्या परंपरेतल्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेतला आणि राज्य सरकारच्या नोकरीत रस्त्यांची कामे पाहत वीस-बावीस वर्षे काढली. तेव्हा मोठ्या ग्रंथांतले सिद्धांत सांगण्याऐवजी रस्त्यावर उभे राहून जे दिसले आणि आपल्या या बडोद्याच्या इतिहासात जे वाचले, तेच सांगणार आहोत. विषय आहे खुला व्यापार, उदार विचार आणि समृद्धी. कोणत्याही पक्षाची बाजू घेणे आमच्या नोकरीच्या नियमांत बसत नाही आणि गणपतीच्या मांडवात ते शोभणारही नाही. म्हणून त्या वाटेला जाणार नाही.

मागच्या महिन्यात रिक्षातून जाताना आमच्या धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, छाणी जकातनाका म्हणतात तिथे जकातनाका कुठे आहे? आणि जकात म्हणजे काय?" प्रश्न ऐकून आम्हाला हसू आले आणि बरेही वाटले. ज्या गोष्टीसाठी आपल्या वाडवडिलांनी रात्र-रात्र खोळंबा सोसला, ती गोष्ट आता फक्त रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहे!

इथे बसलेल्या ज्येष्ठांना तो काळ आठवत असेल. गावात माल आणायचा म्हणजे वेशीवर जकात भरायची. आमच्या लहानपणी मावशीच्या घरचे सामान खानदेशातून बडोद्याला यायचे होते. जुनी भांडीकुंडी, कपाट, शिलाई मशीन आणि देव्हारा, एवढाच ऐवज. ट्रक संध्याकाळी येणार म्हणून घरी पिठलं-भात तयार होता. ट्रक आला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. वाटेत एका नाक्यावर रांग होती, मग कागद अपुरे निघाले, मग कागद पाहणारा माणूस जेवायला गेला. जकात काही फार बसली नाही, पण ड्रायव्हरने रात्रीचा खाडा लावला, हमाल परत गेले होते ते पुन्हा बोलवावे लागले आणि 'चहापाण्याचे' वेगळे झाले. त्या वेळी आमच्या काकांनी जो हिशेब मांडला, तो पुढे कोणत्याही पुस्तकात आम्हाला याहून सोपा सापडला नाही. ते म्हणाले, "अरे, सरकारला दहा रुपये मिळाले, आपले गेले पंचवीस. मधले पंधरा कुणालाच मिळाले नाहीत, ते नुसते धुरात गेले."

मंडळी, खुल्या व्यापाराचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात आले. कर तर द्यावाच लागतो. त्याशिवाय रस्ते, शाळा आणि आमचे पगार होणार नाहीत! पण कर घेणे वेगळे आणि वाट अडवणे वेगळे. वाट अडवली की भाजी नासते, गाडी उभी राहते, कारखान्यात सुटा भाग वेळेवर पोहोचत नाही आणि ज्याच्या हाती अडवण्याचा अधिकार असतो त्याची नियत बिघडते. गुजरात सरकारने २००७ च्या नोव्हेंबरात महानगरपालिकांची जकात उठवली आणि पालिकांना त्याबदली अनुदान देण्याची व्यवस्था केली. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाकेही गेले. जकात उठली त्या वेळी आमची नोकरी नुकतीच सुरू झालेली. ज्या नाक्याजवळ ट्रकच्या रांगेतून सायकल काढणेही मुश्कील होते, तिथला रस्ता एका आठवड्यात मोकळा झालेला आम्ही पाहिला. नवीन डांबराचा एक थरही न टाकता रस्ता रुंद झाला, असा अनुभव आम्हाला नोकरीत पुन्हा आला नाही.

आता या मांडवातलेच उदाहरण घेऊ. उद्या घरोघरी उकडीचे मोदक होतील. त्यातला नारळ बहुधा दक्षिणेतला, गूळ कोल्हापूरचा, वेलची केरळकडची, केशर काश्मीरचे आणि तांदूळ कुणी हौशीने मावळातून आंबेमोहर मागवला असेल तर तो तिकडचा. सोबतच्या आमटीतला हिंग तर अफगाणिस्तान-इराणकडून येतो. बडोद्याच्या वेशी बंद करून 'आपल्याच मातीतला' मोदक करायचा ठरवला तर बाप्पाला बाजरीच्या भाकरीचा नैवेद्य दाखवावा लागेल. बाप्पा रागावणार नाहीत, पण मुले नक्की रागावतील! सांगायचे एवढेच, की ज्याच्याकडे जे चांगले पिकते ते त्याने पिकवावे, आपल्याकडे जे चांगले होते ते आपण करावे आणि अदलाबदल मोकळेपणाने व्हावी. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली हेच ग्रंथरूपाने मांडले. मराठीत लोकहितवादींनी १८४९ मध्ये 'लक्ष्मीज्ञान' हे पुस्तक लिहून हा विचार आपल्या लोकांपुढे ठेवला. लोकहितवादी पुढे अहमदाबादेत न्यायाधीश होते. म्हणजे गुजरातेत नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसांच्या यादीत त्यांचेही नाव आहे.

मग हा विचार बडोद्यात कसा रुजला? त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागेल. आपल्या जुन्या शहराला चार दरवाजे: लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. मध्यभागी मांडवी. मांडवी या शब्दाचा जुना अर्थच जकातीची जागा. म्हणजे शहराच्या ऐन हृदयात जकात बसलेली! संस्थानचा मुलूखही सलग नव्हता. बडोदे, नवसारी, कडी आणि अमरेली असे चार प्रांत आणि शिवाय दूरवरचे ओखामंडळ. मध्ये इंग्रजी मुलूख आणि छोटी-मोठी संस्थाने. सरहद्द आली की अडवणूक आली. त्यात महसूल वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरणार आणि रयतेकडून हवी तेवढी वसूल करणार. अशा राज्यात शेतकरी जास्त कशाला पिकवील आणि व्यापारी दुकान मोठे कशाला करील? जे डोळ्यांवर येईल ते जाईल, ही भीती.

मल्हारराव महाराजांच्या काळात १८७४ मध्ये खुद्द दादाभाई नौरोजी इथे दिवाण होते. कारभार सुधारण्याचा प्रयत्न त्यांनी केला, पण त्यांना साथ मिळाली नाही आणि १८७५ च्या आरंभीच ते बाजूला झाले. त्याच वर्षी मल्हारराव पदच्युत झाले आणि नाशिककडच्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव झाला. सयाजीरावांच्या अज्ञानपणात सर टी. माधवराव यांनी कारभाराची घडी बसवली. मक्ते मोडले, हिशेब लिहिले जाऊ लागले, न्यायालये नियमाने चालू लागली. समृद्धीचा पाया इथे घातला गेला असे आमचे मत आहे. आज कमावलेले उद्या आपलेच राहील, हा भरवसा नसेल तर खुला बाजारही कुणाच्या कामाचा नाही.

१८८१ च्या अखेरीस सयाजीरावांना संपूर्ण अधिकार मिळाले. पुढची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ती 'महाराजांचे उपकार' म्हणून ऐकतो, त्यामागचे सूत्र पाहत नाही. ते सूत्र म्हणजे दारे उघडणे.

पहिले दार ज्ञानाचे. १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाने ते उभे केले. रंगकाम, सुतारकाम आणि यंत्रकाम शिकायला कुठल्याही प्रांतातला विद्यार्थी यावा अशी सोय केली. आपल्या दादासाहेब फाळक्यांचे शिक्षणही तिथेच झाले. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोखले असा कायदा मागत होते आणि तो मिळत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे तज्ज्ञ आणून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले.

दुसरे दार भांडवलाचे. २० जुलै १९०८ रोजी दहा लाख रुपयांच्या भांडवलावर बँक ऑफ बरोडा निघाली. सावकाराच्या ओसरीवर जाऊन हात जोडण्याऐवजी कागदपत्रांवर कर्ज मिळू शकते, ही गोष्ट लोकांना नवी होती. त्याआधी एकच वर्ष, १९०७ मध्ये, गज्जरांचे शिष्य अमीन आणि कोटिभास्कर यांनी अलेम्बिकची सुरुवात केली. शाळा, प्रयोगशाळा, बँक आणि कारखाना ही साखळी पाहा. कोणतीही एक कडी वगळली असती तर बाकीच्या लटकत राहिल्या असत्या.

तिसरे दार माणसांचे. दिवाण दक्षिणेतून आले, चित्रकार रविवर्मा त्रावणकोरहून आले, अर्थसल्लागार व्हाइटनॅक अमेरिकेहून आले, महसूल मंत्री रमेशचंद्र दत्त बंगालमधून आले. आणि मंडळी, आपण कुठून आलो? सातारा, पुणे, कोकण, खानदेश, वऱ्हाड. आमचे पणजोबा साताऱ्याकडून एक वळकटी आणि एक शिफारसपत्र घेऊन आले असे घरात सांगतात. त्या वेळी 'बाहेरच्यांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या' असे म्हणून कुणी स्टेशनावरूनच परत पाठवले असते, तर आज हा मांडव इथे उभा राहिला नसता.

आता कुणी विचारील, आणि विचारायलाच हवे, की खुला व्यापार इतका चांगला, तर दादाभाई, न्यायमूर्ती रानडे आणि रमेशचंद्र दत्त यांनी इंग्रजांच्या व्यापारनीतीवर टीका का केली? प्रश्न योग्य आहे. इंग्रज नाव घेत खुल्या व्यापाराचे, पण दार एकाच बाजूने उघडे ठेवत. १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला तेव्हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची समजूत काढण्यासाठी तेवढाच कर इथल्या गिरण्यांच्या कापडावर लादला. तो १९२५ पर्यंत चालू राहिला. आपल्याच घरात आपल्याच मालावर दंड! रानड्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात सांगितले, की विलायतेतले सिद्धांत डोळे मिटून इथे लावू नका, देशाची परिस्थिती पाहा. तरुण उद्योगांना सरकारने आधार द्यावा असेही त्यांचे मत होते. त्यांचे ते मत आज कितपत लागू पडते यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्रजी कारभाराने हिंदुस्थानाची कशी नागवणूक केली याचा इतिहास लिहिणारे तेच रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये बडोद्याच्या कारभारात आले. आणि त्या काळात बडोद्यात काय होत होते? जातीजातींवर आणि धंद्याधंद्यांवर बसवलेले जुने वेरे काढून त्या जागी सरळ उत्पन्नावरचा कर आणला जात होता. म्हणजे या मंडळींचा विरोध व्यापाराला नव्हता. विरोध होता तो एकाचे हात बांधून दुसऱ्याशी कुस्ती लावण्याला.

याचे दुसरे उदाहरण आपल्या गुजरातेतलेच. काठेवाडातून येणाऱ्या मालावर वीरमगामला इंग्रजांचा जकातनाका होता. १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतल्यावर काठेवाडात निघाले, तेव्हा वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाच्या शिंप्याने त्यांना या नाक्याचा जाच सांगितला. गांधीजींनी गव्हर्नरपासून व्हाइसरॉयपर्यंत पाठपुरावा केला आणि १९१७ मध्ये तो नाका उठला. पण पुढे काठेवाडची बंदरे वाढू लागली. सयाजीरावांनीही ओखा बंदर बांधून घेतले होते. तेव्हा १९२७ मध्ये नाका पुन्हा बसवला. आपल्याकडच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पहिल्या गाऱ्हाण्यांपैकी एक गाऱ्हाणे असे अडवलेल्या वाटेचे होते आणि ते एका शिंप्याने मांडले होते, हे आपण विसरून गेलो आहोत.

परके गेले, पण अडवण्याची सवय गेली नाही. महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांना विचारा. १९७२ पासून तिथे कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेतच घालायचा, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. हेतू चांगला होता. व्यापाऱ्याने नाडू नये आणि हमीचा भाव मिळावा, हा. काही वर्षे शेतकऱ्याला त्याचा फायदाही झाला. पण बाहेर भाव चढला की तोच शेतकरी अडकून पडे आणि त्याचे पैसे उशिरा मिळत. मग रात्रीच्या अंधारात कापसाच्या गाड्या सरहद्द ओलांडून गुजरातेत आणि मध्य प्रदेशात येत. स्वतःच्या शेतातला कापूस स्वतः विकणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने चोर ठरे! शरद जोशींनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन केली, १९८० मध्ये चाकणचे कांदा आंदोलन झाले आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा गावोगावी गेली. अनुदानाचा तुकडा नको, वाट सोडा, असे म्हणणारा तो शेतकऱ्यांचा आवाज होता. त्यांची सगळी मते सर्वांना पटली नाहीत आणि पटायलाच हवीत असेही नाही. पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि मे २०२४ पर्यंत बंद राहिली. तेव्हा इथे बाजारात स्वस्त कांदा घेताना आम्हाला आनंद झाला, आणि नंतर लासलगावकडच्या एका नातेवाइकाच्या फोनने तो आनंद ओशाळला. शहरातल्या माणसाची चार रुपयांची बचत गावातल्या कुणाच्या तरी खिशातून आलेली असते.

इथवर मालाच्या दारांविषयी बोललो. आता ज्या दाराविषयी बोलायला थोडे धैर्य लागते, त्याकडे येतो.

१९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेला आणि अर्थशास्त्र शिकून आला. करारानुसार १९१७ मध्ये तो बडोद्याला नोकरीवर रुजू झाला. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. दरबारने दार उघडले होते, पण गावाने उघडले नाही. राहायला खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी जमाव लाठ्या घेऊन आला आणि त्यांना बाहेर काढले. त्या दिवशी ते कमाटीबागेत, म्हणजे आपण जिथे मुलांना फिरायला नेतो त्या बागेत, झाडाखाली बसून राहिले आणि मग मुंबईच्या गाडीत बसले. पुढे त्यांनी लंडनमध्ये अभ्यास करून १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि देशाला राज्यघटना देण्यात केवढा वाटा उचलला हे आपण जाणतो. बडोद्याने मात्र आपल्या खर्चाने शिकवलेला अर्थशास्त्रज्ञ भाड्याची एक खोली न दिल्यामुळे घालवला. आमच्या काकांच्या भाषेत सांगायचे तर शिष्यवृत्तीचे पैसे बडोद्याचे गेले आणि लाभ दुसऱ्यांना झाला. पण हा हिशेब पैशांचा नव्हताच. ज्याच्यावर तो दिवस आला, त्याच्या अपमानाची बेरीज कोणत्या वहीत करणार?

हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले असे म्हणून आम्ही इथे थांबलो असतो, पण मनाला ते पटत नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या बैठकीत एक प्रश्न आला. एक सदनिका भाड्याने द्यायची होती. घेणारा तरुण इंजिनिअर, चांगल्या पगाराचा, कागदपत्रे पूर्ण. पण त्याचे आडनाव ऐकून दोघे-तिघे कुजबुजले. 'आपल्यातले वाटत नाहीत,' 'खाण्यापिण्याचे कसे असेल,' 'उद्या दुसरे येतील.' ठराव झाला नाही, कुणी स्पष्ट नाही म्हटले नाही, पण घरमालकाला समजेल असे वातावरण केले गेले. तो तरुण दुसरीकडे गेला. आम्ही त्या बैठकीत होतो आणि एक शब्द बोललो नाही. सयाजीरावांवर पाच मिनिटे बोला म्हटले तर पंधरा मिनिटे बोलणारे आम्ही, त्या संध्याकाळी गप्प बसलो. ही गोष्ट इथे सांगितल्याशिवाय उदार विचारांवर बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही असे वाटले, म्हणून सांगितली.

मंडळी, उदारमतवाद म्हणजे केवळ आयात-निर्यातीचे धोरण नव्हे. माणसाने कुठे राहावे, काय शिकावे, कोणता धंदा करावा, कुणाशी व्यवहार करावा, हे त्याच्या जन्मावरून दुसऱ्याने ठरवू नये, एवढे साधे ते तत्त्व आहे. जात ही आपल्या समाजातली सर्वांत जुनी जकात. ती भरूनही पुष्कळांना वेशीच्या आत घेतले गेले नाही.

दारे उघडली की सर्वांचेच भले होते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर लगेच होत नाही. १९९१ मध्ये देशाची अर्थव्यवस्था खुली झाली. आपल्या गावातल्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यांतल्या कामगारांची घरे कशी चालली हे इथल्या अनेकांनी जवळून पाहिले आहे. दुसरीकडे, आज आपल्या शेजारी सावलीच्या कारखान्यात बनलेल्या रेल्वेगाड्या ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या रुळांवर धावतात. ज्या संस्थानात १८६२ मध्ये डभोई-मियागाम मार्गावर बैल जोडून रेल्वेचे डबे ओढले, त्याच भूमीतून आगगाड्या निर्यात व्हाव्यात! २८ ऑक्टोबर २०२४ रोजी इथे विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, तेव्हा स्पेनचे पंतप्रधान आले होते. पण गिरणीतून बाहेर पडलेला पन्नाशीचा कामगार विमानाच्या कारखान्यात जाऊ शकत नाही. म्हणून दार उघडताना सरकारचे काम संपत नाही, उलट वाढते. त्याच्या मुलाला शाळा, आयटीआय आणि पॉलिटेक्निक, आजाराला दवाखाना आणि भांडण झाले तर वेळेवर न्याय, हे सरकारने द्यायचे. सयाजीरावांनी नेमके हे केले. बाजार मोकळा ठेवला आणि त्यात उतरण्यासाठी माणूस तयार केला. सरकारी नोकर म्हणून आम्हाला त्यातून आमचे कामही समजले. रस्ता बांधणे आमचे काम, रस्त्यात उभे राहणे नव्हे.

शेवटी आपल्या समाजाविषयी. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' असे आपले पूर्वज म्हणत. बडोद्याच्या मराठी माणसाने ही म्हण उलटी टांगली. दरबारची नोकरी मिळाली, तिची प्रतिष्ठा मिळाली आणि दुकानदारी म्हणजे हलके काम असे आपण ठरवून टाकले. शेजारचा गुजराती मुलगा बारावीला असतानाच वडिलांच्या गल्ल्यावर बसतो, आपला मुलगा तिशीपर्यंत स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरतो. आमच्या पुतण्याने नोकरी सोडून वडा-मिसळीचे दुकान काढायचे म्हटले, तेव्हा घरात पहिला विरोध आमचाच होता. 'लोक काय म्हणतील?' आज त्याच्या दुकानात सात माणसे काम करतात. लोक काय म्हणतात? लोक म्हणतात, "पार्सल मिळेल का?"

म्हणून जाताजाता दोन गोष्टी मागतो. पहिली, पुढच्या वर्षीपासून मंडळाने गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारासोबत समाजातल्या एखाद्या तरुण उद्योजकाचा, मग तो पोळी-भाजी केंद्र चालवणारी ताई का असेना, सत्कार करावा. दुसरी गोष्ट मागायला कठीण आहे. आपल्यापैकी ज्यांची घरे भाड्याने द्यायची आहेत, त्यांनी भाडेकरूची कागदपत्रे पाहावीत, वागणूक पाहावी, आडनाव पाहू नये. आम्ही पुढच्या बैठकीत हे उभे राहून बोलणार आहोत, हे आज गणरायाच्या साक्षीने सांगतो. म्हणजे मग मागे फिरता येणार नाही.

आपण या गावात उघड्या दारातून आलो. आपल्यामागून येणाऱ्यासाठी ते लावून घेऊ नये, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!